अळंबी टाकायची, पाणी ठेवायचं

हैतीमध्ये लग्न असो, नाताळ असो किंवा घरातल्या मुलाचं पहिलं कम्युनियन (चर्चमधला एक धर्मविधी), पाहुण्यांसमोर काळाभोर भात येतो. त्याचं नाव दिरी जोंजों. जोंजों ही देशाच्या उत्तर भागात उगवणारी लहानशी रानटी अळंबी. शास्त्रीय नाव म्हणून बहुतेक ठिकाणी सॅथिरेला कोप्रिनोसेप्स हे दिलेलं आढळतं. बाजारात ती वाळवलेलीच मिळते आणि महाग असते. एवढी महागाची अळंबी भिजवायची, उकळायची, पिळून घ्यायची आणि चोथा टाकून द्यायचा! भात शिजतो तो उरलेल्या काळ्या पाण्यात. मला या पदार्थातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

चोथा टाकावा लागतो तो कायटिनमुळे. भाज्यांच्या पेशीभित्तिकांना बांधून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं, म्हणून भाजी शिजली की मऊ होते. अळंबीच्या पेशीभित्तिकेत मात्र कायटिन असतं. खेकड्या-कोळंबीच्या कवचातलं द्रव्य ते हेच. कितीही उकळलं तरी ते विरघळत नाही. जोंजोंचा देठ तर चिवटच राहतो. पण रंग, वास आणि चव पाण्यात उतरलेली असते. या प्रजातीच्या अळंब्यांचे बीजाणू गडद तपकिरी ते काळे असतात, आणि आकाराने जेमतेम काही मायक्रोमीटर, म्हणजे घरातल्या गाळणीतून सहज निसटणारे.

चवीची गोष्ट अधिक खोल आहे. 1908 साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळं केलं आणि त्याच्या भरीव, रुचकर चवीला 'उमामी' म्हटलं. पुढे 1950च्या दशकात अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट हे द्रव्यही तीच चव देतं हे दाखवलं. ताज्या अळंबीत ग्वानिलेट फारसं नसतं. अळंबी वाळते तेव्हा पेशी फुटतात. मग ती पाण्यात भिजवून तापवली की पेशींतली विकरं (एन्झाइम) तिथल्याच आरएनए या रेणूचे तुकडे करतात आणि त्यातून ग्वानिलेट तयार होतं. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. आपल्या जिभेवरच्या, चव ओळखणाऱ्या एकाच ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) ग्लुटामेट चिकटतं, आणि शेजारीच बसलेलं ग्वानिलेट त्याला सुटू देत नाही.

आता भात. पातेल्यात तेलावर एपिस परततात. एपिस म्हणजे लसूण, कांद्याची पात, पार्सली, थाइम आणि मिरचीचं वाटण. त्यात धुतलेला लांब दाण्याचा तांदूळ, मटार किंवा लिमा बीन्स, लवंगा आणि मोजून घेतलेलं काळं पाणी. साधारण 70 अंशांच्या आसपास तांदळातले स्टार्चचे कण पाणी ओढून फुगायला लागतात, आणि पाण्याबरोबर त्यात विरघळलेली चवही दाण्यात शिरते. कोकणात भात वेळून पेज बाजूला काढतात, तसं इथे केलं तर सगळी मेहनत पेजेबरोबर जाईल. म्हणून सगळं पाणी जिरेपर्यंत झाकण ठेवून मंद आच.

वर एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची ठेवतात, पण ती फुटू द्यायची नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन मुख्यतः आतल्या पांढऱ्या पडद्यात असतं. साल शाबूत राहिली तर भाताला मिरचीचा फळासारखा वास लागतो आणि जाळ आतच राहतो. फारच हुशारीची पद्धत आहे ही.

मायामी, न्यूयॉर्कच्या हैतियन वस्त्यांमध्ये जोंजोंची पाकिटं मिळतात. आपल्याकडे मिळणं कठीण. म्हणून पावसाळ्यात उगवलेली कुठलीही काळपट अळंबी उचलून हा प्रयोग मुळीच करू नका. याच कुळातली शाईसारखी विरघळणारी कोप्रिनॉप्सिस अट्रामेंटेरिया मद्यासोबत पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. त्यापेक्षा वाळवलेली शिटाके घ्या. ती रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवा आणि त्याच पाण्यात हळूहळू तापवा. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर ग्वानिलेट तयार करणारी विकरं आधीच निकामी होतात. भात काळा न होता तपकिरी होईल. शिटाकेचा चोथा मात्र टाकू नका, देठ काढून टोप्या चिरून भातातच घाला.