डोळा लाल नाही म्हणजे संसर्ग नाही?

‘डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणजे आत काही झालेलं नाही’ हा समज किडनी किंवा लिव्हर बदललेल्या पेशंटच्या घरांतही पक्का असतो. समज स्वाभाविक आहे, कारण डोळे येतात तेव्हा लाली, चिकटा, ठणका सगळं दिसतं.

पण ती लाली म्हणजे शरीराने जंतूंना केलेला विरोध. नवा अवयव टिकावा म्हणून टॅक्रोलिमस, स्टेरॉइडसारखी औषधं हाच विरोध दाबून ठेवतात. त्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याला वेदना कळतच नाही. शरीरात वर्षानुवर्षं झोपून असलेला सायटोमेगॅलो विषाणू अशा वेळी जागा होऊन पडदा पोखरू शकतो. रक्तातून येणारी बुरशीही डोळ्याच्या आत पोचते. बाहेरून डोळा मात्र पांढरास्वच्छ!

घरी एवढं पाहा: एका डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा, मग दुसऱ्या डोळ्याने. धूसर दिसणं, नव्याने तरंगणारे काळे ठिपके, चमक किंवा एखादा कोपरा गायब वाटला, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. सगळं नीट दिसलं तरी ही तपासणी टाळू नका. पडद्याच्या कडेचा संसर्ग घरी कळत नाही. आणि प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नका.