रेंज फुल, नेट गुल

वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आहे, नाव बरोबर आहे, पासवर्डही स्वीकारला गेलाय, आणि तरी पान उघडत नाही. वर्तुळ नुसतं गरगर फिरतंय. मग आपले ठरलेले उपचार सुरू होतात. वायफाय बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, आणि तेवढ्याने भागलं नाही तर राउटरची पिन काढून पुन्हा लावायची. याने पुष्कळदा गुण येतो, हेही खरंच. पण दुखणं काय होतं ते कळत नाही, आणि चार दिवसांनी ते परत येतं.

मुळात त्या चिन्हातल्या कमानी काय सांगतात? राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, याचा त्यांना पत्ता नसतो. इतकंच काय, राउटरला लॅपटॉपचं ऐकू जातंय की नाही, हेही त्यांना माहीत नसतं. भिंतीतल्या विजेवर चालणारा राउटर साधारण १०० मिलिवॅटने बोलतो. बॅटरीवरचा लॅपटॉप बहुधा त्याहून हळू बोलतो. भोंग्यावरून बोलणाऱ्याचं आपल्याला लांबून स्पष्ट ऐकू येतं, पण आपण तिथूनच दिलेलं उत्तर त्याच्या कानावर जात नाही, तसंच हे. शेवटच्या खोलीत रेंज दिसते आणि काम मात्र होत नाही, त्यामागे अनेकदा हा एकतर्फी संवाद असतो.

कमानींपेक्षा आकडा बरा. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘आरएसएसआय’ (म्हणजे लॅपटॉपला राउटर किती जोरात ऐकू येतोय त्याचं माप) या नावापुढे एक उणे संख्या दिसते. ती डीबीएम या एककात असते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५च्या आसपास ठीक, उणे ८० म्हणजे ओढाताण. दर दहा आकड्यांमागे शक्ती दहापट घटते. उणे ६० म्हणजे एका वॅटचा अब्जावा भाग. थोडक्यात, राउटरने सोडलेल्या शक्तीचा दहा कोटीवा हिस्सा हाती आला तरी लॅपटॉपचं छान भागतं! मला तरी या तंत्रज्ञानातली सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

हा आकडा बघत लॅपटॉप चार बोटं सरकवून पाहा. तो बदलतो. वायफाय ज्या लहरींवर चालतं, त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून, कपाटावरून परतलेली लहर एकमेकींना भेटतात तेव्हा कुठे जोर वाढतो, तर कुठे दोघी एकमेकींना खोडून काढतात. असे खळगे एकमेकांपासून काही सेंटिमीटरवर असतात. म्हणून रेंज वाढवणारं यंत्र विकत घेण्याआधी टेबल थोडं हलवावं आणि टीव्हीमागे दडवलेला राउटर मोकळ्यावर, उंचावर आणावा. धातू लहर परतवतो आणि पाणी ती शोषतं. माशांची टाकी मध्ये असेल तर तीही आडवी येते.

पण दोष हवेतच आहे हे ठरवलं कोणी? निरोप लॅपटॉपपासून राउटरपर्यंत जातो, तिथून कंपनीच्या तारेत, आणि पुढे हव्या त्या संकेतस्थळापर्यंत. यातल्या कोणत्या टप्प्यावर तो अडतोय हे आधी शोधायचं. पहिली परीक्षा अगदी साधी आहे, त्याच वायफायला फोन जोडून पाहायचा. मात्र फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर तो गुपचूप तिकडून काम भागवतो आणि आपली दिशाभूल होते. फोन नीट चालला तर लॅपटॉपकडे बघा. दोन्ही अडले तर राउटर किंवा त्यामागची लाइन.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला आकडी पत्ताही दिसतो. हा पत्ता त्याला राउटर देतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकलाय असं समजा. अशा वेळी ते नेटवर्क लॅपटॉपला विसरायला लावून नव्याने जोडलं की बहुधा काम होतं.

पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ वापरा. माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. काम तेच, हाक मारायची आणि प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये पिंग लिहून आधी राउटरचा पत्ता द्या (बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, आणि सेटिंगमध्ये ‘गेटवे’पुढे दिसतो). उत्तर काही मिलिसेकंदांत आलं तर हवेतला टप्पा ठणठणीत. शेकडो मिलिसेकंद लागले, किंवा मधल्या काही हाका वाऱ्यावरच गेल्या, तर दोष घरातच आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही.

राउटर लगेच ओ देतो, मग ८.८.८.८ला हाक मारा. हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता. तिथून उत्तर नाही आलं तर अडचण राउटरच्या पलीकडे. तिथून उत्तर येतं, पण संकेतस्थळाच्या नावाने हाक मारली की येत नाही, हा प्रकार सगळ्यांत फसवा. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्येच आखली. ती अडली की रस्ता मोकळा असूनही घर सापडत नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

आता हवेतल्या गर्दीकडे वळू. १९८५मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच गुरगुरत असल्यामुळे दळणवळणाच्या दृष्टीने ती पडीक जमीनच होती. आज तिथे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस अशा सगळ्यांनी दाटी केली आहे. त्यात चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या जागा, पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेली, पण प्रत्येक राउटरला जागा मात्र २० मेगाहर्ट्झची लागते. एकमेकांत न घुसणारी चॅनेल उरतात १, ६ आणि ११. शेजारी १ आणि ६ वापरतात म्हणून आपण शहाणपणाने ३ निवडलं, तर तोटाच होतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट घुसणाऱ्याचं बोलणं कुणाला कळत नाही, तो सगळ्यांसाठी नुसता गोंगाट.

वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर, चॅनेल भरपूर आहेत, पण त्या लहरी भिंतींत लवकर गळतात. त्यातली काही चॅनेल रडारचीही आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ती जागा सोडावी लागते. नवी जागाही रडारच्या हद्दीतली निवडली, तर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. अधूनमधून मिनिटभर नेट गायब होऊन आपोआप परत येत असेल, तर हेही कारण असू शकतं. राउटर बंद-चालू केल्याने गुण का येतो, त्याचंही उत्तर थोडंफार इथेच आहे. चालू होताना तो पुष्कळदा चॅनेल नव्याने निवडतो आणि पत्तेही नव्याने वाटतो.

माझ्या लॅपटॉपने मात्र या सगळ्या परीक्षांत मला चकवलं होतं. कधी राउटरचं उत्तर तीन मिलिसेकंदांत यायचं, कधी दहातल्या सहा हाका हरवायच्या. फोन शेजारीच व्यवस्थित चालायचा. चॅनेल बदललं, वायफाय चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नव्याने टाकला, राउटरची जागाही हलवली. शेवटी लक्ष गेलं ते वायरलेस माउसकडे, नेट गेलं की त्याचा बाणही अडखळायचा. दोघांत सामायिक होता फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. आणि हे व्हायचं ते फायलींची प्रत काढून ठेवण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क जोडली की. यूएसबी ३.० ची तार सेकंदाला पाच अब्ज बिट वाहून नेते, आणि तिच्यातून झिरपणारा रेडिओगोंगाट नेमका याच पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२मध्ये त्यावर एक सविस्तर टिपणच प्रसिद्ध केलं होतं. माझ्या लॅपटॉपचा अँटेना बिजागरीजवळ, आणि डिस्क मी खोचायचो ती त्याच्या अगदी लगतच्या खाचेत. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत, हातभर लांब आणि चांगल्या वेष्टनाच्या वायरने जोडली, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. पुढच्या वेळी प्रत निघत असताना पिंग चालू ठेवून बसलो होतो. एकही हाक हरवली नाही, आणि माउसही सरळ चालत होता.