मोडेम मागे नेण्याची पार्श्वभूमी: आयफोनचे सिम-लॉक आणि जुने फर्मवेअर

२९ जून २००७ रोजी पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीला आला तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कला बांधून. चार जीबीचा ४९९ डॉलरला, आठ जीबीचा ५९९ डॉलरला. फोनवर कसलीही सवलत नव्हती, ग्राहक पूर्ण किंमत मोजत होता, शिवाय दोन वर्षांचा करार करत होता. तरीही दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की फोन चालत नसे. विकत घेतलेली वस्तू कुठे वापरायची हे विकणाऱ्याने ठरवावे, ही गोष्ट अनेक तंत्रज्ञांना मुळातच मान्य नव्हती. पुढच्या पाच वर्षांत हे बंधन तोडण्याचे जे मार्ग निघाले, त्यांतल्या बहुतेकांचा गाभा एकच होता: मोडेममधले फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर) जुन्या, कच्च्या आवृत्तीवर नेणे, किंवा आहे त्या जुन्या आवृत्तीवर टिकवून ठेवणे.

लॉक नेमके कुठे असते हे आधी पाहायला हवे. आयफोनमध्ये दोन स्वतंत्र संगणक असतात. एकावर स्क्रीन, अ‍ॅप, संगीत चालते. दुसरा म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा बेसबँड, अर्थात मोडेम. पहिल्या आयफोनमध्ये ही इन्फिनिऑन कंपनीची एस-गोल्ड २ चिप होती. तिची फ्लॅश मेमरी वेगळी, बूटलोडर (सुरुवातीला चालून फर्मवेअर उचलणारा प्रोग्रॅम) वेगळा, ऑपरेटिंग सिस्टीमही वेगळी. दोघांत फक्त एक सिरीयल लाइन, आणि तिच्यावरून जुन्या डायल-अप मोडेमच्या धाटणीच्या एटी आज्ञा जातात. लॉक या दुसऱ्या संगणकात असल्यामुळे जेलब्रेक (मुख्य सिस्टीमवरची अ‍ॅपलची बंधने काढणे) केला म्हणून फोन अनलॉक होत नाही. जेलब्रेकमुळे फक्त मोडेमशी थेट बोलायची वाट मोकळी होते.

कोणत्या नेटवर्कचे सिम चालेल याचा तक्ता मोडेमच्या फ्लॅशमधील सेकझोन नावाच्या भागात, त्या चिपच्या स्वतःच्या ओळखक्रमांकांवरून बनलेल्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. अधिकृत मार्ग म्हणजे १५ अंकी एनसीके हा अनलॉक कोड मोडेमला देणे. हा कोड अंदाजाने शोधायचा, तर सेकंदाला एक या वेगाने सगळे पर्याय तपासायला तीन कोटींहून जास्त वर्षे लागतील. म्हणून कोडच्या मागे न लागता, कोड तपासणाऱ्या फर्मवेअरलाच गाठायचे ठरले.

पहिले यश हार्डवेअरमधून आले. ऑगस्ट २००७ मध्ये न्यू जर्सीच्या १७ वर्षांच्या जॉर्ज हॉट्झने पद्धत जाहीर केली. एस-गोल्ड २ चा बूटरॉम, म्हणजे चिपमध्ये कायम कोरलेला पहिला प्रोग्रॅम, सुरू होताना फ्लॅशमधल्या ठरावीक जागा वाचतो. त्या कोऱ्या दिसल्या, तर ही चिप कारखान्यात नुकतीच बसवली आहे असे समजून तो कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅमही स्वीकारतो. हॉट्झने फ्लॅशची ए१७ ही मेमरीतला पत्ता कळवणारी अ‍ॅड्रेस लाइन बाहेरून व्होल्टेज देऊन उंचावली. त्यामुळे बूटरॉमने मागितलेला पत्ता भलत्याच, कोऱ्या जागेवर जाऊन पडला आणि दार उघडले. यासाठी फोन उघडून, धातूचे आवरण काढून, केसाएवढ्या तारेवर डाग द्यावा लागे. तार तुटली की फोन गेला. सामान्य वापरणाऱ्याच्या हातातले हे काम नव्हतेच.

सप्टेंबरमध्ये सॉफ्टवेअरने होणारे मार्ग निघाले. आयफोन डेव्ह टीम या हॅकर गटाचे एनीसिम फुकट होते, आयफोन-सिमफ्री विकत मिळे. त्या वेळच्या बूटलोडर ३.९ मध्ये सही तपासण्याच्या कामात त्रुटी होत्या. त्यांचा फायदा घेऊन बदललेले फर्मवेअर मोडेममध्ये कायमचे लिहिता येत असे. पण एनीसिमच्या पहिल्या आवृत्तीने सेकझोनमधला लॉकचा तक्ताही विस्कटला होता. २४ सप्टेंबरला अ‍ॅपलने जाहीर इशारा दिला की अनधिकृत अनलॉक केलेले फोन पुढच्या अपडेटनंतर कायमचे बंद पडू शकतात. २७ तारखेला १.१.१ हे अपडेट आले. त्यातल्या ०४.०१.१३ या मोडेम फर्मवेअरने विस्कटलेला तक्ता वाचला, आणि जगभरच्या कितीतरी फोनवर ००४९ ने सुरू होणारा एकच खोटा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, दिसू लागला. सिम कोणतेही घाला, सेवा नाही.

डाउनग्रेडची, म्हणजे फर्मवेअर मागे नेण्याची, खरी गरज इथे निर्माण झाली. सेकझोन दुरुस्त करायचा, तर आधी मोडेम ०३.१४.०८ वर परत न्यायला हवा. अ‍ॅपलच्या आयट्यून्स प्रोग्रॅममधून १.०.२ ही जुनी आवृत्ती परत टाकली (रिस्टोअर केली), तर मुख्य सिस्टीम मागे जाते, पण मोडेमचा टप्पा आला की १०१५ ही त्रुटी येते आणि फोन रिकव्हरी स्क्रीनवर अडकतो. कारण मोडेमचा बूटलोडर कोणतीही फाईल लिहिण्याआधी तिच्या सुरुवातीचा सेकपॅक, म्हणजे सहीचा भाग, तपासतो आणि सध्याच्यापेक्षा खालची आवृत्ती नाकारतो.

यावरची युक्ती साधी आणि हुशारीची होती. पुसण्याची परवानगी नव्या सेकपॅकने घ्यायची आणि जागा रिकामी झाली की जुने फर्मवेअर भरायचे. त्रुटी १०१५ नंतर फोन रिकव्हरीतून बाहेर काढून जेलब्रेक करत. मग एसएसएचने, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या जोडणीने, आत जाऊन बीबीअपडेटर, आयइरेझर, ०४.०१.१३ चा सेकपॅक आणि ०३.१४.०८ च्या एफएलएस व ईईपी या दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवत. यानंतर लाँचसीटीएल अनलोड आज्ञेने कॉमसेंटर ही मोडेमशी बोलणारी प्रक्रिया थांबवावी लागे. हा टप्पा सर्वाधिक जण विसरत. कॉमसेंटर चालू असताना सिरीयल लाइन त्याच्या ताब्यात असते, म्हणून पुढची साधने मोडेमची वाट पाहत बसतात. मग आयइरेझरने मोडेमचे मुख्य फर्मवेअर पुसायचे, बीबीअपडेटरने जुन्या दोन फाइली लिहायच्या, आणि त्याच साधनाला आवृत्ती विचारून ०३.१४.०८ दिसते का ते पाहायचे. मध्येच काम तुटले तरी घाबरण्यासारखे नव्हते: बूटलोडर शाबूत असे, फक्त फर्मवेअरची जागा रिकामी राही, आणि तीच कृती पुन्हा करता येई. सेकपॅक चुकीचा असेल, तर पुसण्याआधीच नकार मिळे. खरा धोका बूटलोडर किंवा सेकझोनला हात लावण्यात होता. म्हणून सेकझोन मूळ स्थितीला आणणारे व्हर्जिनायझर चालवण्याआधी त्याची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक होते. ही दुरुस्ती आयएमईआय बदलत नसे, फोनचा मूळ क्रमांकच परत आणत असे.

नोव्हेंबर २००७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत आयफोन आला. नव्या फोनमध्ये बूटलोडर ४.६ होता आणि ३.९ मधल्या वाटा बंद होत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये हॉट्झला ४.६ मधली चूक सापडली आणि बूटलोडरच मागे नेणे सॉफ्टवेअरने शक्य झाले. त्या वसंतात डेव्ह टीमचे बूटन्यूटर आले. त्यात ३.९ की ४.६ हे वापरणाऱ्याने निवडायचे. सोबत फेकब्लँक नावाचा पर्याय होता, जो बूटलोडरमधल्या नेमक्या त्याच जागा कोऱ्या ठेवत असे. काही महिन्यांपूर्वी तारेवर डाग देऊन जे मिळवावे लागे, ते आता एका बटणावर मिळू लागले. पहिल्या आयफोनचे लॉक इथे कायमचे संपले.

युरोपात हा प्रश्न न्यायालयातही गेला. जर्मनीत व्होडाफोनने टी-मोबाइलविरुद्ध अंतरिम आदेश मिळवला, तेव्हा टी-मोबाइलने काही दिवस विनालॉक फोन ९९९ युरोला विकला. डिसेंबरमध्ये आदेश उठला आणि लॉक परत आले. फ्रान्समध्ये कायद्यामुळे ऑरेंजला मोकळा फोन विकावाच लागला.

११ जुलै २००८ च्या आयफोन ३जी पासून खेळ बदलला. एक्स-गोल्ड ६०८ चिपमध्ये बूटरॉमपासून पुढे प्रत्येक पायरीवर सही तपासली जाई. फ्लॅशमध्ये कायमचा बदल अशक्य झाला. उरली ती मोडेमची रॅम. १ जानेवारी २००९ ला यलोस्नो हे अनलॉकचे साधन आले: फोन सुरू झाला की एक छोटी प्रक्रिया एटी आज्ञेतल्या चुकीतून मोडेमच्या रॅममध्ये कोड घालते आणि तो कोड लॉकचा निर्णय फिरवतो. फोन बंद-चालू केला की पुन्हा घालायचा. हे फक्त ०२.२८.०० वर चाले. जून २००९ मध्ये ०४.२६.०८ साठी अल्ट्रास्नो आले, नोव्हेंबरमध्ये ०५.११.०७ साठी हॉट्झचे ब्लॅकस्नो, आणि पुढच्या जूनमध्ये ०५.१३.०४ पर्यंत चालणारे नवे अल्ट्रास्नो. अ‍ॅपल प्रत्येक अपडेटमध्ये आधीचे छिद्र बुजवी, त्यामुळे अनलॉक हा मोडेमच्या आवृत्तीला चिकटलेला गुण झाला. आयट्यून्सचे अपडेट बटण एकदा दाबले की तो गेला. जाणकार लोक प्वनेजटूलने स्वतःची फर्मवेअर फाईल बनवत. तिच्यात मोडेमचा भाग वगळलेला असे, त्यामुळे नवी सिस्टीम मिळे आणि जुना बेसबँड राही. बूटलोडर ५.८ असलेल्या ३जी फोनवर फझीबँड या साधनाने मागे जाता येई, ५.९ वर तीही सोय नव्हती.

मग सप्टेंबर आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ०५.१४.०२ आणि ०५.१५.०४ आल्या. अपडेट करून बसलेले हजारो लोक अडकले. या वेळचा उपाय मला संपूर्ण इतिहासातला सर्वांत कल्पक वाटतो. पहिल्या ३जी आयपॅडमध्येही एक्स-गोल्ड ६०८ च होती आणि तिच्या फर्मवेअरवरची सही आयफोनलाही मान्य होती. आयपॅडची आवृत्ती ०६.१५.००. आकडा मोठा, म्हणून आयफोनला ते पुढचे अपडेट वाटले. पण आत अल्ट्रास्नोने वापरलेली जुनी एक्सअ‍ॅप आज्ञेतली चूक तशीच होती. मागे जायला बंदी होती, म्हणून लोक पुढे जाऊन जुन्या छिद्रापाशी पोहोचले. रेडस्नो या जेलब्रेकच्या साधनात आयपॅड बेसबँडच्या पर्यायावर खूण करायची, नंतर अल्ट्रास्नो १.२ टाकायचे.

किंमत मात्र जबर होती. जीपीएस नीट चालेनासे झाले. आयफोनच्या कोणत्याही मूळ फर्मवेअरमध्ये इतका मोठा आकडा नसल्याने आयट्यून्सचा साधा रिस्टोअर कायमचा बंद झाला आणि दर वेळी बनवलेली फाईलच वापरावी लागली. वॉरंटीचा प्रश्नच उरला नाही. २०११ च्या २८ व्या आठवड्यापासून बनलेल्या आयफोन ३जीएसमध्ये फ्लॅश चिप वेगळी होती. तिच्यावर आयपॅडचा बेसबँड घातला की मोडेम मेलाच. अनुक्रमांकाचा तिसरा अंक वर्ष आणि चौथा-पाचवा आठवडा सांगतो, त्यामुळे १२८ किंवा पुढे दिसले तर हात लावायचा नाही, हा नियम होता. जून २०१२ मध्ये रेडस्नो ०.९.१४ ने ०६.१५.०० वरून ०५.१३.०४ वर परत येण्याची वाट दिली. तेव्हा अडकलेल्यांना जीपीएस आणि अनलॉक दोन्ही एकत्र मिळाले.

आयफोन ४ ने मात्र ही वाट बंद केली. त्याचा मोडेम प्रत्येक अपडेटच्या वेळी एक नवी यादृच्छिक संख्या तयार करतो. ती अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे जाते आणि तिच्यावर सही केलेले तिकीट परत आले तरच लेखन होते. कालचे साठवलेले तिकीट आजच्या संख्येशी जुळत नाही. कोणती आवृत्ती चालेल हा निर्णय फोनमधून निघून सर्व्हरवर गेला. आयफोन ४ च्या ०१.५९.०० ला अल्ट्रास्नोने उघडले, पण ०२.१०.०४ वर गेलेल्याला परत येता आले नाही. त्यांच्यासाठी सिमखाली बसवायच्या पातळ चिपा बाजारात आल्या. त्या लॉक तोडत नाहीत, सिमबद्दल मोडेमला चकवतात.

सॅमसंगच्या फोनवर ही कथा काही काळ वेगळ्या रूपात चालली. गॅलेक्सी एस३ मध्ये अँड्रॉइड ४.१.१ पर्यंत *#१९७३२८६४०# डायल केले की सर्व्हिस मेनू उघडे, आणि त्यातल्या नेटवर्क लॉकच्या पानावर पर्सो एसएचए२५६ ऑफ निवडून, अर्धा मिनिट थांबून, लॉकचा डेटा नव्याने मांडता येई. नंतरच्या आवृत्त्यांत हे गेले, म्हणून लोक ओडिन या सॅमसंगच्या साधनाने जुने फर्मवेअर टाकत. ४.३ नंतर अमेरिकी मॉडेलचा बूटलोडर मागे नेण्याचा प्रयत्न केला की फोन पूर्ण मरे. आयएमईआय साठवणाऱ्या ईएफएस विभागाची प्रत न काढता हात घातलेल्यांचा आयएमईआय उडे.

अमेरिकेतला कायदाही पुढे-मागे होत राहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने अनलॉकला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनना ती नाकारली गेली. १,१४,००० हून अधिक सह्यांची याचिका व्हाइट हाउसकडे गेली आणि १ ऑगस्ट २०१४ ला सूट परत देणाऱ्या कायद्यावर सही झाली. माझ्या मते सर्व छिद्रांपेक्षा या सह्यांनी जास्त फोन मोकळे केले.

भारतात आयफोन ३जी २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनकडून आला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. त्याआधी आणि नंतरही अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेले फोन इथे वापरायचे, तर वरचीच साधने लागत. दुरुस्तीच्या नावाखाली आयएमईआय बदलून देणे मात्र वेगळी गोष्ट आहे: दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आज परदेशातून आलेला आयफोन घेताना मोडेमची आवृत्ती पाहून काही साधत नाही. लॉकची नोंद अ‍ॅपलच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरवर असते आणि मूळ कंपनीने ती काढली की दुसरे सिम घालून अ‍ॅक्टिव्हेट करताच फोन मोकळा होतो. आयओएस १४ पासून सेटिंग्ज, जनरल, अबाउट या पानावर कॅरियर लॉक अशी ओळ असते. तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स दिसले तरच पैसे द्यावेत. लॉक आहे असे दिसत असूनही भारतीय सिम चालत असेल, तर सिमचा ट्रे बाहेर काढून खाली चिप आहे का ते पाहावे.