सॅन जेनारोच्या जत्रेतलं खाणं ‘अस्सल इटालियन’ आहे का?

न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर दर सप्टेंबरात सॅन जेनारोची जत्रा भरते. तिथे मिळतं तेच इटलीत घरोघरी शिजतं, असं अनेक वर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

सॅन जेनारो हा दक्षिण इटलीतल्या नेपल्स शहराचा संत, त्याचा दिवस १९ सप्टेंबर. नेपल्सहून आलेल्यांनी १९२६ मध्ये इथे हा उत्सव सुरू केला. पण गल्लीत फक्त नेपल्स नाही. रिकोटा हे मऊ चीज भरलेली कुरकुरीत नळी, म्हणजे कनोली, ही सिसिली बेटाची. पिठीसाखरेत घोळवलेले गरम झेपोले, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, दक्षिण इटलीत मुख्यतः मार्चमधल्या संत जोसेफच्या सणाला खातात. परमिजाना, म्हणजे टोमॅटो सॉस आणि चीज घालून भाजलेला पदार्थ, तीही तिकडे वांग्याची. चिकनची झाली ती अमेरिकेत. मायदेशी गरिबांच्या ताटात मांस क्वचितच पडायचं, इथे ते परवडू लागलं. मग खिम्याचे गोळे मोठे झाले आणि स्पॅगेटीवर जाऊन बसले. इटलीत ते बहुधा वेगळे वाढतात.

म्हणून याला नकली म्हणायचं का? मुळीच नाही. मोठ्या तव्यावर परतल्या जाणाऱ्या सॉसेज, कांदा आणि ढोबळी मिरचीचा वास, बँडचा गजर, संताच्या मूर्तीला लोकांनी टाचलेल्या डॉलरच्या नोटा, हे सगळं या माणसांनी परक्या शहरात पोटतिडकीनं उभं केलं. हे इटालियन-अमेरिकन खाणं आहे आणि त्याच नावानं त्याला मान मिळायला हवा. तळलेली ओरिओ बिस्किटं मात्र निव्वळ अमेरिकन!