गिअर कधी पडतो, कधी अडतो

ऊस भरलेली दहा टायरची गाडी काळ्या रानातून सडकेला लागेपर्यंत ताशी पाच किलोमीटरनं सरकते. तीच गाडी धुळे-सोलापूर हायवेला लागली की ताशी ६० नं पळते. चाकांच्या वेगात बारा पटींचा फरक पडला. इंजिनाला एवढा पल्ला झेपत नाही. ट्रकचं डिझेल इंजिन मिनिटाला साधारण १,००० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यानच कामाचं. त्याखाली ते धडधडून बंद पडू पाहतं, त्यावर गेलं की आवाज वाढतो आणि ओढ घटते. खरी दमदार ओढ बहुतेक इंजिनांत १,२०० ते १,६०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. इंजिनाच्या या दोन पटींत चाकांच्या बारा पटी बसवायच्या, म्हणून सहा गिअर, आणि बड्या गाड्यांना नऊ. जीप चालवून ट्रकवर आलेला नवा ड्रायव्हर नजर ठेवतो वेगाच्या काट्यावर. गिअर बदलायची वेळ कळते ती फेऱ्यांच्या काट्यावरून.

दांडी सरकवली की दातेरी चाकं एकमेकांत घुसतात, असं बहुतेकांना वाटतं. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात, नुसती शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मोकळी फिरत असतात. दांडी हलवते ती एक कडी. ही कडी शाफ्टबरोबर फिरते आणि हव्या त्या चाकाला जाऊन भिडते आणि त्याला शाफ्टशी जखडते. शाफ्ट फिरतो गाडीच्या वेगानुसार, चाक फिरतं क्लचकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूनुसार. दोघांचा वेग जुळला की गिअर लोण्यासारखा पडतो. नाही जुळला तर जो कर्रकन आवाज येतो, तो दात घासल्याचा.

वेग जुळवण्याचं काम करणारी निमुळती कडी, म्हणजे सिंक्रोनायझर, १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत पहिल्यांदा आली. दात भिडण्याआधी ती चाकावर दाबली जाते आणि घर्षणानं दोघांना एका वेगाला आणते. आता आपल्याकडच्या ट्रकांतही ती असते, पण ट्रकच्या गिअरबॉक्समधली चाकं वजनदार, त्यांचा वेग बदलायला मोटारीपेक्षा वेळ जास्त लागतो. म्हणून दांडीला झटका द्यायचा नाही. गिअरच्या तोंडाशी नेऊन एकसारखा दाब धरायचा, वेग जुळले की ती आपोआप आत जाते. तळहातानं ठोकून गिअर घालणाऱ्याच्या कड्या लवकर झिजतात आणि मग गॅरेजमध्ये अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जुने उस्ताद डबल क्लच शिकवतात ते याचसाठी. समजा पाचव्या गिअरचं प्रमाण १.५ आहे, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या दीड फेऱ्या, आणि चौथ्याचं २.२. पाचव्यात इंजिन १,२०० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ते १,७६० वर असायला हवं. ही वाढ कुणीतरी करून द्यायला हवी. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, म्हणजे गिअरबॉक्सची आतली बाजूही इंजिनाबरोबर वेग घेते, मग पुन्हा क्लच दाबून चौथा. वरचा गिअर घेताना उलटं असतं, तिथे फेऱ्या उतरायला हव्यात, म्हणून रेस न देता न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं. सिंक्रोनायझर असलेल्या गाडीत डबल क्लच सक्तीचा नाही. पण माझ्या मते शिकणाऱ्यानं तो शिकावाच, कारण त्यानं कानाला फेऱ्या कळू लागतात.

आता घाट. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि गाडी बालाघाटाच्या पठारावर चढते. सोपा हिशेब करू. माल धरून गाडी २५ टनांची, इंजिन २०० अश्वशक्तीचं आणि चढ दर १०० मीटरला ६ मीटरचा. एवढ्या चढावर इंजिन पूर्ण ताकद लावत असलं तरी गाडी ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वर जाणार नाही. यात ड्रायव्हरचा दोष नसतो. ड्रायव्हरच्या हाती असतं ते गिअर वेळेवर उतरवणं. क्लच दाबला की चाकांना इंजिनाची ओढ मिळत नाही आणि अशा चढावर दर सेकंदाला ताशी दोन-अडीच किलोमीटर वेग जातो. नवख्याला गिअर बदलायला तीन सेकंद लागले तर ताशी २५ चा वेग १८ वर येतो. तोवर हातातला गिअर कामाचा उरलेला नसतो, त्याच्याही खालचा लागतो, तो घेईपर्यंत वेगातले ताशी आणखी सात किलोमीटर जातात, आणि गाडी मधोमध उभी राहते. मागच्या गाड्यांचे हॉर्न वेगळेच. म्हणून फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्याच्या, म्हणजे कामाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या पट्ट्याच्या, खालच्या टोकाला यायच्या आतच गिअर उतरवायचा, आणि चढ खडा दिसला तर एक गिअर गाळून थेट दोन खाली.

उताराला सगळं उलटतं, आणि जिवाचा धोका तिथेच आहे. २५ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जवळपास अडीच कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्यात ७५ लिटरहून जास्त गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ब्रेकच्या लायनरची पकड ढिली होते, लायनर ज्यावर घासतो तो चाकाचा ड्रम तापून फुगतो आणि पॅडल दाबूनही गाडी ऐकत नाही. सतत पॅडल मारत राहिलं तर ब्रेक चालवणारी टाकीतली हवाही कमी होत जाते.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. त्यांचा हिशेबच चुकतो. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. त्यापेक्षा वाईट म्हणजे परतीची वाट बंद होते. १०० मीटरला ६ मीटरच्या त्याच उतारावर न्यूट्रलमधली गाडी दहा सेकंदांत ताशी १८ किलोमीटरनं वेग वाढवते. ताशी २० ला २,००० फेऱ्या मागणारा गिअर ताशी ५० ला ५,००० मागेल. तेवढ्या फेऱ्या त्या इंजिनाच्या आवाक्यात नाहीत. मग कितीही दाबली तरी दांडी आत जात नाही.

म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधीच घ्यायचा, ज्या गिअरनं हा घाट चढला असता तो किंवा त्याच्याही खालचा. इथे काटा हिरव्या पट्ट्याच्या वर गेलेला चालतो, फक्त लाल रेघ ओलांडू द्यायची नाही, कारण फेऱ्या जितक्या जास्त तितकं इंजिन गाडीला जास्त रोखतं. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसल्यानं नुसतं इंजिन तसं फार रोखत नाही. दाबलेली हवा पिस्टनला बरंचसं उलट ढकलते. त्यावर उपाय एक्झॉस्ट ब्रेकचा. धूर बाहेर जायच्या नळीत एक झडप मिटते आणि तिच्या दाबाविरुद्ध पिस्टनला झगडावं लागतं. या ब्रेकचं बटण उताराच्या तोंडाशीच दाबायचं, आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून वेग उतरला की सोडायचा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो.

घाट उतरून ढाब्यावर थांबल्यावर ड्रममधून जळका वास येत असला तरी त्यावर बादलीभर पाणी ओतू नये. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तापलेला ड्रम अचानक निवला तर त्याला तडे जातात. गाडी सपाटीला लावून चाकांना ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावायची आणि ड्रम आपसूक निवेपर्यंत चहा घ्यायचा.