पदार्थ तोच, घडवण्याची रीत नवी

जालन्याच्या रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर पडते आणि तिची धग हवेत विरून जाते. या वाया जाणाऱ्या उष्णतेची थेट वीज करता येईल का? दुष्काळात, 2015 साली, पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. त्यामुळे बॉयलर-टर्बाइनशिवाय होणाऱ्या विजेचं मराठवाड्याला आकर्षण वाटणारच. मात्र या थेट विजेतही एक बाजू तापली की दुसरी थंड राखावी लागते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

उष्णतेतून थेट वीज मिळवण्याचं हे तत्त्व 1821 चं. दोन वेगळ्या धातूंच्या कड्यातला एक जोड तापवला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने पाहिलं. त्याला ते चुंबकत्व वाटलं; होती ती वीज. पण धातूंतून मिळणारी वीज नगण्यच होती. 1950 च्या दशकात अर्धवाहक आले, त्यांतलं बिस्मथ टेल्युराइड सापडलं आणि गाडी तिथेच अडली. पदार्थातून वीज सहज वाहावी, उष्णता मात्र अडावी, अशी ही विचित्र मागणी. तिचं मोजमाप म्हणजे ‘झेडटी’ हा आकडा. तो कित्येक दशकं 1 च्या आसपास घुटमळला.

कोंडी फुटली ती बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात. 2008 साली अमेरिकेत बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइड दळून नॅनो आकाराची भुकटी केली आणि ती गरम दाबयंत्रात ठासली. पदार्थ जुनाच, पण कणाकणांच्या सीमांवर उष्णतेची कंपनं विखुरली, विजेचं फारसं बिघडलं नाही. 100 अंश सेल्सिअसला झेडटी 1.4 वर गेला.

सर्वात बोलकी गोष्ट टिन सेलेनाइडची, म्हणजे कथील (टिन) आणि सेलेनियमच्या संयुगाची. 2014 मध्ये त्याच्या एकसंध स्फटिकाने 2.6 झेडटी गाठला. पण स्फटिक ठिसूळ, वाढवायला किचकट, म्हणून भुकटी दाबून वड्या केल्या. कणांच्या सीमा वाढल्या म्हणजे उष्णता आणखी अडायला हवी होती. मोजली तर उलट जास्तच वाहत होती! दोष निघाला कणांवरच्या टिन ऑक्साइडच्या पातळ थराचा: तो उष्णतेला भराभर वाट देत होता. कथील आधी शुद्ध केलं, भुकटीवरचा ऑक्साइड हायड्रोजनमिश्रित वायूत काढला, आणि 2021 साली दाबलेल्या वडीनेच सुमारे 510 अंशांना 3.1 चा आकडा दाखवला.

अर्थात हा आकडा वडीचा, यंत्राचा नव्हे. वडीला धातूचा जोड द्यावा लागतो. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तो तडकतो, आणि बरीचशी कमाई तिथेच गळते.