ओक फ्लॅटच्या वादामागचा अपाची इतिहास

ॲरिझोनातल्या ओक फ्लॅट या पठाराखाली तांब्याचा प्रचंड साठा आहे. ही सरकारी जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या खाण प्रकल्पाला अदलाबदलीत देण्याची तरतूद अमेरिकी काँग्रेसने २०१४ च्या अखेरीस संरक्षण विधेयकात घुसवली. ठरलेल्या पद्धतीने खाण झाली, तर पठार खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल खड्डा पडेल. इथल्या मूलनिवासी अपाचींच्या श्रद्धेनुसार तिथे ‘गान’, म्हणजे डोंगरातल्या रक्षक शक्तींचा वास आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अदलाबदल थांबवण्यासाठीचं त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला. या संतापाची मुळं मात्र खूप मागे जातात.

अपाची ही एकसंध टोळी कधीच नव्हती. त्यांचे पूर्वज दूर उत्तरेकडून आले. त्यांच्या बोली अथाबास्कन या उत्तर अमेरिकेतल्या भाषाकुळातल्या, नावाहो या दुसऱ्या मूलनिवासी समाजाच्या भाषेच्या जवळच्या. लिपान टेक्सासकडे, हिकारिया आणि मेस्कालेरो न्यू मेक्सिकोत, चिरिकावा मेक्सिकोच्या सीमेवरच्या डोंगरांत, तर पश्चिमी अपाची ॲरिझोनात मका पिकवत आणि शिकार करत राहिले. लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत जाई. सगळ्यांवर हुकूम चालवणारा राजा नव्हता. ज्याच्या शब्दावर विश्वास, त्याच्यामागे माणसं जात. त्यामुळे एका प्रमुखाशी केलेला करार दुसऱ्यावर बंधनकारक नसे. अमेरिकी अधिकाऱ्यांनी हे समजून घेतलं नाही आणि एकाच्या कृत्याची शिक्षा सगळ्यांना दिली.

त्यांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी एक मुलगी असते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुलगी वयात आली की चार दिवसांचा सोहळा होतो. त्या काळात ती आदिमातेचंच रूप मानली जाते. पश्चिमी अपाची या मातेला ‘बदलती स्त्री’ म्हणतात. मुलगी पूर्वेकडे तोंड करून तासन् तास नाचते, धावते. पाणकणसाचे पिवळे पराग तिच्या चेहऱ्यावर लावले जातात. लोक तिच्याकडून आशीर्वाद घेतात आणि रात्री शेकोटीभोवती मुखवटे घातलेले गान नाचतात. ओक फ्लॅटवर हे सोहळे आजही होतात.

आता करारांचं काय झालं ते पाहू. १८३० च्या दशकात मेक्सिकोच्या सोनोरा आणि चिवावा प्रांतांनी अपाचींच्या टाळूच्या कातडीवर इनाम लावलं. १८४८ नंतर अपाचींचा बराचसा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. १८६३ मध्ये बोलणी करायला आलेले अपाची प्रमुख मांगास कोलोरादास यांना अमेरिकी सैनिकांनी कैदेत मारलं. ३० एप्रिल १८७१ ला कॅम्प ग्रँट या लष्करी तळाजवळ, लष्कराच्या आश्रयाला आलेल्या शंभराहून अधिक अपाचींची टुसॉनहून आलेल्या जमावाने कत्तल केली. मृतांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती. खटला चालला आणि सगळे आरोपी सुटले. १८७२ मध्ये चिरिकावा प्रमुख कोचीस यांनी तह करून मिळवलेली राखीव भूमी १८७६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, रद्द झाली. तिथल्या लोकांना सॅन कार्लोसच्या रखरखीत राखीव भूमीवर हलवण्यात आलं. पुढे तिथे खनिजं सापडली, तशी तीही भूमी कापली गेली.

चिरिकावा लढवय्ये जेरोनिमो यांचा लढा याच सक्तीच्या स्थलांतरातून उभा राहिला. चाळीसहून कमी माणसांचा त्यांचा गट पकडायला सुमारे पाच हजार अमेरिकी सैनिक लागले. ४ सप्टेंबर १८८६ ला ते शरण आले आणि जवळपास सगळ्या चिरिकावांना युद्धकैदी ठरवून फ्लोरिडाला धाडलं गेलं. ज्या अपाची वाटाड्यांनी लष्कराला मदत केली होती, तेही त्याच गाड्यांत कोंबले गेले. हा विश्वासघात वाचताना अजूनही चीड येते. कित्येक मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळेत पाठवली गेली. तिथे त्यांची भाषा सुटली आणि केस कापले गेले. कैद सत्तावीस वर्षं चालली. जेरोनिमो १९०९ मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल इथे कैदी म्हणूनच वारले.

१९१३ मध्ये सुटका झाल्यावर बरेच जण मेस्कालेरोंकडे गेले, थोडे ओक्लाहोमातच राहिले. त्या राहिलेल्यांतल्या एका कुटुंबात १९१४ मध्ये जन्मलेले ॲलन हाउझर पुढे अमेरिकेतले नामवंत शिल्पकार झाले. अमेरिकी लष्कराने मात्र अपाची हे नाव लढाऊ हेलिकॉप्टरला दिलं. भारतीय हवाई दलाकडेही ती आहेत. २०११ मध्ये बिन लादेनवरच्या कारवाईत ‘जेरोनिमो’ हा सांकेतिक शब्द वापरला गेला, तेव्हा ओक्लाहोमात राहिलेल्यांच्या वंशजांनी, म्हणजे फोर्ट सिल अपाचींनी, जाहीर निषेध केला. त्याच वर्षी त्यांना पूर्वजांच्या मुलखात, न्यू मेक्सिकोत, राखीव भूमी मिळाली. ती आहे तीस एकर.